नववा चौकोन

तू परवा मला विचारलंस, 'मावशी, शेवटचा गडद रंग लावायच्या आधी तू बोर्डावर दोनदा टकटक का करतेस?' तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. वर्गात वीस जण होते, आणि वीस जणांसमोर सांगण्यासारखी ती गोष्ट नाही. आज आपण दोघीच आहोत. तो दिवा जरा इकडे सरकव, कागदावर चमक येतेय. हां, असा. आता ऐक. मधेच खुदखुदायचं नाही, एवढी एकच अट.

तेव्हा मी चाळीस वर्षांची होते आणि आपल्याला जलरंग येतात अशा समजात होते. माझी चित्रं खपायचीही. दातांचा दवाखाना, विम्याची कचेरी, जिथे लोकांना तासन् तास बसवून ठेवायचं असतं पण घाबरवायचं नसतं, तिथे माझी चित्रं हटकून लागायची. डोंगर फिके, झाडं फिकी, घरं तर इतकी फिकी की दाराला कडी कुठे आहे ते शोधावं लागे. बरोबरचे चित्रकार मला तोंडावर 'धुकेबाई' म्हणायचे. मी त्यांच्यासमोर हसायचे आणि घरी येऊन तुझ्या आईला फोन करून चरफडायचे.

खरं कारण मला ठाऊक होतं. मला गडद रंगाची भीती वाटायची. तेलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर चढवता येतो. जलरंगात पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद, आणि तो एकदा झाकला की गेला. मग कितीही घासा, पहिल्यासारखा होत नाही. त्या विचारानेच माझा हात आखडायचा. आमचे मास्तर प्रत्येक चित्राच्या कडेला नऊ चौकोनांची पट्टी काढायला लावत. पहिला चौकोन कोरा कागद, मग एकेक पायरी गडद होत नववा असा, की त्यापुढे काळं काही उरू नये. चित्र या नऊही पायऱ्या चढलं-उतरलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी पट्टी इमानेइतबारे आखायचे, पाचव्या चौकोनापर्यंत रंगवायचे आणि थांबायचे. पुढचे चार कोरेच. मास्तर एकदा वैतागून म्हणाले होते, "तुझ्या चित्रात दुपार नाही, रात्र नाही, बाराही महिने आपले सकाळचे सात!"

तर एका शाळेच्या अर्जावर चिकटवायला मला फोटो हवा होता. एवढंच साधं काम. काखेत चित्रांची मोठी पिशवी, बाहेर टळटळीत ऊन, आणि रस्त्याच्या टोकाला एक जुना फोटो स्टुडिओ, शटर अर्धं वर. मी वाकून आत शिरले. आत सगळीकडे खोकी. पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई खोक्यांना चिकटपट्टी लावत होती, आणि ग्राहकांना बसवायच्या गोल स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ, हात मांडीवर ठेवून, आपलाच फोटो निघतोय असे ताठ बसले होते.

"फोटो बंद झालेत हो," बाई म्हणाली. "परवा जागा सोडतोय. बाबांना मी माझ्याकडे घेऊन चाललेय."

"कोण आहे?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"एक बाई आहेत. चित्रं घेऊन चालल्यात कुठेतरी."

"हाताने काढलेली? बघू, बघू."

मी एक चित्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजव्या डोळ्याला जवळजवळ चिकटवलं आणि इंच इंच सरकवत राहिले, कुलपाच्या भोकातून बघावं तसं.

"बाबा, उलटं धरलंय तुम्ही."

"असू दे. सुलटं धरून तरी काय दिवे लागणार आहेत?"

लेकीने मला बाजूला घेऊन सांगितलं. काचबिंदू. डावा डोळा गेलेला, उजव्याला एक बारीक भोक उरलेलं. त्यातूनही फिकं काही दिसत नाही, पांढऱ्याला लागून चांगलं काळं असेल तरच थोडं कळतं. त्या भोकालाही डॉक्टरांनी दोन महिने दिलेत, फार तर तीन. ती हे हळू आवाजात सांगत होती, पण म्हाताऱ्या काकांचे कान शाबूत होते.

"माझं एक काम कराल?" ते म्हणाले. "आतली खोली चित्रात काढून द्याल? आमची डार्करूम."

"तुम्ही फोटोग्राफर, आणि तुम्हाला चित्र कशाला?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

काका हसले. "फोटो मी कधी काढलेच नाहीत हो. मी नुसतं बटण दाबायचो. फोटो काढायची ती आमची ही, आत, अंधारात. तीस वर्षं त्या मोरीपाशी उभी होती. आणि तिचा एकही फोटो नाही माझ्याकडे. लग्नातला एक आहे, त्यात मान खाली. माझा हा डोळा जायच्या आत ती उभी राहायची ती जागा मला एकदा बघायचीय. डोळ्यांनी. बास, एवढंच."

असं कुणी म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? मी पिशवी खाली ठेवली आणि आतल्या दाराकडे निघाले.

"दोनदा वाजवायचं," काका मागून म्हणाले. "आणि आतून 'ये' म्हटल्यावरच उघडायचं."

मी लेकीकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच खूण केली, की सवय आहे त्यांची, मनावर घेऊ नका. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी काही वाजवलं नाही. दार ढकललं आणि सरळ आत गेले.

खोली आठ पावलं लांब आणि पाच पावलं रुंद. खिडकी नव्हती. भिंती काळ्या रंगवलेल्या, छतसुद्धा. एका बाजूला लांब मोरी, तिच्यात शेजारी शेजारी तीन उथळ ट्रे. वर आडवी तार, तारेवर लाकडी चिमटे. कोपऱ्यात फोटो मोठे करायचं यंत्र, मान वाकवून उभं. दाराजवळ खिळ्याला रबरी एप्रन. ट्रे कोरडे ठणठणीत होते, त्यांवर धूळ होती. पण वास होता. आंबट, नाकाच्या शेंड्याला लागणारा, फोटो धुवायच्या रसायनांचा. अकरा वर्षांनी एवढा ताजा वास कसा, असं मनात आलं, आणि भिंतींनी शोषला असेल म्हणून मी ते सोडून दिलं.

दार सताड उघडं ठेवलं, स्टुडिओतला उजेड आत घेतला आणि कामाला लागले. कडेला पट्टी आखली, नऊ चौकोन. भरपूर पाण्यात राखाडी कालवून पहिला हात सगळ्या कागदावर फिरवला. मोरीच्या पुढे, कागदाच्या साधारण मध्यावर, पाणी बसेना. ब्रश नेला की पाणी कडेने वळून जायचं आणि तेवढा ओंजळभर भाग कोरडाच राहायचा. कागदाला तेलकट बोट लागलं असेल, म्हटलं. असा डाग राहिला की मी एरवी कागद फाडते. पण सगळं चित्रच इतकं फिकं होतं की तो डाग कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. दोन तासांत खोली झाली. माझ्या मते सुरेख. धुक्यातली डार्करूम!

काकांनी कागद डोळ्याला लावला. वरपासून खालपर्यंत सरकवला. पुन्हा वरून.

"कोराच कागद दिलात का चुकून?" त्यांनी विचारलं. चिडून नाही गं, अगदी मनापासून विचारलं. तेच जास्त लागलं.

लेक चटकन म्हणाली, "छान काढलंय बाबा, तुम्हालाच..." आणि परत खोक्यावर चिकटपट्टी ओढायला लागली.

काकांनी कागद मांडीवर ठेवला आणि तिला सांगून एका खोक्यातून काळं पाकीट काढायला लावलं. त्यात तळहाताएवढी फिल्म होती. काळी. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नुसती काळी ठिक्कर. मी ती उन्हाकडे धरली तरी पलीकडचा सूर्य दिसेना.

"ही ती आहे," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. काकू कधी फोटोला बसायच्या नाहीत. मी फोटो काढणारी, निघणारी नव्हे, म्हणायच्या. लेकीने फारच हट्ट धरला तेव्हा एका दुपारी त्या एकदाच बसल्या, काकांनी एकदाच बटण दाबलं, आणि ती फिल्म धुवायला त्या स्वतःच आत गेल्या. अशी मोठी फिल्म उघड्या ट्रेमध्ये धुवायची तर मिट्ट काळोख लागतो, लाल दिवासुद्धा चालत नाही. घड्याळ दिसत नाही, म्हणून त्या हळू आवाजात सेकंद मोजत ट्रे हलवत राहायच्या. बाहेरून कुणी वाजवलं की 'थांब' म्हणायच्या. काम झालं की 'ये'. तीस वर्षांत तो नियम मोडला नव्हता. त्या दिवशी बाहेर एक गिऱ्हाईक घाई करत होतं आणि काकांनी न वाजवता दार उघडलं. उजेड लागला आणि फिल्म सगळीच्या सगळी काळी पडली.

"रागावली नाही हो. ट्रेकडे बघितलं आणि म्हणाली, असू दे, परत काढू." काकांनी फिल्मवरून अंगठा फिरवला. "त्यानंतर तेराव्या दिवशी गेली. परत काढायचं राहून गेलं."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"हे घेऊन जा," शेवटी काकांनी फिल्म माझ्या हातात ठेवली. "काळं म्हणजे किती काळं, ते मापाला जवळ असू दे. मला जे दिसतं ते एवढ्या काळ्याच्या शेजारीच दिसतं."

रात्री मला झोप आली नाही. भुतामुळे नव्हे, भूत तोवर आलंच नव्हतं. लाजेने. एका माणसाला एकदाच काहीतरी बघायचं होतं आणि मी त्याच्या हातात धुकं दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन गेले. नवा घेण्याइतका वेळ नव्हता, आणि जलरंगात फिक्यावर गडद चढतंच. आज मी दार वाजवलं, दोनदा. काका मागे बसून ऐकत होते, त्यांचं मन मोडवेना. आतून अर्थात काही आलं नाही. मी आत गेले. वास कालच्यापेक्षा जास्त होता.

फिल्म पट्टीशेजारी चिमट्याने लावली आणि सहाव्या चौकोनाला हात घातला. छातीत धडधडत होतं, सांगायला लाज वाटते, पण होतं. निळ्यात तपकिरी कालवला, पाणी कमी केलं आणि मोरीखालच्या सावलीत ब्रश टेकवला. काही आकाश कोसळलं नाही. उलट मोरीची कड एकदम वर उचलून आली. सातवा चौकोन. ट्रे दिसायला लागले, त्यांची खोली दिसायला लागली. मला मजा वाटू लागली, आणि त्याच नादात मी भिंत गडद करत करत त्या कोरड्या डागाशी येऊन पोचले.

डाग कालच्यापेक्षा मोठा होता.

मी ब्रश वर धरला. शेजारची भिंत गडद झाल्यावर डागाची कड स्पष्ट झाली होती, आणि ती कड ओबडधोबड नव्हती. उतरता खांदा होता. वाकलेली मान होती. मानेवर सैल अंबाडा होता. मी यातलं काही काढलं नव्हतं गं... मी फक्त भिंत रंगवत होते. ज्या ज्या ठिकाणी पाणी थांबलं होतं, त्या त्या ठिकाणी ती सुरू होत होती.

मी काय केलं असेल? पळाले नाही. आधी झाकायला बघितलं. भरलेला ब्रश सरळ त्या पांढऱ्यावरून ओढला. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळलं, अळवाच्या पानावरून घरंगळतं तसं, आणि भिंतीत जाऊन मुरलं. कागद कोरडाच. बोट लावून बघितलं तर कोमट लागला. मग मात्र मी बोर्ड उचलून बाहेर आले.

"मी थांबते इथेच," मी म्हटलं. "एवढं पुरे आहे."

काकांनी कागद डोळ्याला लावला. इंच, दोन इंच. मग त्यांचा हात थांबला.

"मोरी दिसतेय," ते म्हणाले. "तार दिसतेय. बाई... मधे कोण आहे?"

लेकीने मागून वाकून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"कोणीतरी उभं आहे, पण धूसर आहे. निसटतंय." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "थांबू नका. पाया पडतो तुमच्या. कडेच्या पट्टीतले दोन चौकोन कोरे राहिलेत ना अजून? मग थांबू नका."

त्या क्षणी माझी भीती गेली असं मी सांगणार नाही, कारण ती गेली नव्हती. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी माझ्यासमोर घडत होतं आणि ते अर्धवट टाकून घरी जायची मला लाज वाटली. देवळात मी कधी फारशी जात नाही, पण तिथे लोकांना जे वाटतं म्हणतात, ते मला त्या खोक्यांच्या पसाऱ्यात वाटलं.

तिसऱ्या दिवशी सामानाचा ट्रक दुपारी दोनला येणार होता. मी अकराला पोचले. आठवा चौकोन झाला, अंबाड्यातून सुटलेली एक बट दिसायला लागली, एप्रनची गाठ दिसायला लागली. राहिला होता फक्त तिचा चेहरा ज्याच्याकडे होता तो कोपरा. नववा. मी तीनदा रंग कालवला, तिन्ही वेळा फिल्मशेजारी धरला, तिन्ही वेळा तो काळा म्हणवेना. साधा गडद होता, बस.

"दार बंद करून बघितलंत का?" काकांनी बाहेरून विचारलं.

"म्हणजे?"

"तिने पाहिलेला अंधार तुम्ही अजून पाहिलेला नाही."

मी दार लावून घेतलं. बाहेर भर दुपार, शटरवर ऊन तापत होतं, हमालांच्या हाका येत होत्या, आणि दाराची फट मिटताच ते सगळं पुसून गेलं. इतका काळोख मी आयुष्यात पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते पापणीला हात लावून बघावं लागत होतं. बोर्ड मांडीवर, उजव्या हातात रंगाने जड झालेला ब्रश. मी थांबले. डोळे सरावतील म्हणून थांबले. ते काही सरावले नाहीत.

आधी आवाज आला तो पाण्याचा. चुबुक... चुबुक... उथळ ट्रे एका बाजूने हळूच उचलावा आणि खाली टेकवावा, तसा. सकाळीच मी त्या ट्रेमधली धूळ बोटाने पुसली होती. मग तो आंबट वास आला, इतका जवळून की डोळ्यांत पाणी आलं. आणि मग, माझ्या डाव्या खांद्याच्या किंचित वर, कुणीतरी अगदी हळू, कामात असलेल्या माणसासारखं मोजत होतं.

"...एकतीस ...बत्तीस ...तेहेतीस..."

मी हलले नाही. श्वाससुद्धा मोठा घेतला नाही. सुरुवातीला भीतीने, हे कबूल. पण ती मोजत राहिली, ट्रे हलत राहिला, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही. काम चाललंय. इतकं शांत, इतकं मन लावून केलेलं काम मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते वासाचं नव्हतं. डाव्या हाताने मी कागद चाचपला. ओलसर, गार... मग एका रेषेवर गार संपून कोमट सुरू झालं. त्या रेषेला बोट लावून मी ब्रश टेकवला आणि तिच्या कडेकडेने कोपरा भरत गेले. एकदाही हात आखडला नाही.

दारावर टकटक झाली. दोनदा.

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी, माझ्या कानाशी, आवाज आला.

"थांब."

"बरं," दाराबाहेरून काका म्हणाले.

साधं, रोजचं, 'चहा ठेवला' म्हटल्यावर म्हणतात तसं 'बरं'. माझ्या अंगावर जो काटा आला तो आजही, हे बघ, सांगताना येतोय. ट्रे हलत राहिला. मोजणं पुढे चालू. कितीपर्यंत गेलं सांगता येणार नाही, पण एका ठिकाणी ते थांबलं, पाणी निथळल्यासारखा आवाज झाला, आणि सगळं शांत झालं. मग दार उघडलं.

दारात काका होते. त्यांच्यामागून उजेडाचा लोट आत आला आणि माझ्या मांडीवरच्या कागदावर पडला. या वेळी त्याने काही बिघडलं नाही.

चित्रातली ती दाराकडे बघत होती. काल पाठमोरी वाकलेली मान आज वळलेली होती, हातातलं काम तसंच धरून, कुणी आत आलं की आपण वळतो तशी. चेहरा होता, डोळे होते, आणि ओठांच्या कडेला, रागवावं की हसावं असा विचार चाललेला दिसत होता. तो चेहरा अगदी फिक्या हाताने रंगवलेला होता, दुसऱ्या चौकोनाच्या पुढे कुठे गेलाच नव्हता. ती फिकी, पाणीदार पद्धत माझी होती, डोळे मिटून ओळखली असती. पण मी त्या जागेवर रंगाचा थेंब लावू शकले नव्हते. आणि एवढं फिकं असून तो चेहरा खोलीच्या त्या टोकावरून दिसत होता, कारण शेजारी नववा चौकोन होता.

काकांनी कागद डोळ्याला लावला नाही. होते तिथूनच बघितलं.

"दिसली," ते म्हणाले. मग दाराची चौकट धरून हळूहळू खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. लेक धावत आली, तिने चित्र बघितलं आणि तीही त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. "आई, आई गं," एवढंच म्हणत होती.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "काका, तुम्ही दार कसं उघडलंत? तिने तर थांब म्हटलं होतं."

त्यांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. "नंतर 'ये' म्हणाली की. तुम्हाला नाही ऐकू आलं?"

मला नव्हतं ऐकू आलं.

सामान आवरताना पट्टीचा चिमटा काढला. त्यातली फिल्म काचेसारखी स्वच्छ होती. आरपार. तिच्यातून मला माझी बोटं दिसत होती. ते काळं कुठे गेलं, हे मी कुणाला विचारलं नाही. त्या कोपऱ्यातला रंग मात्र माझ्या डबीतला नव्हता, एवढं मला आजही शपथेवर सांगता येईल. मी तसला काळा पुन्हा शंभरदा कालवून बघितलाय.

सात-आठ महिन्यांनी लेकीचा फोन आला. बाबा गेले, म्हणाली, काल दुपारी. चित्र त्यांच्या खुर्चीसमोर काचेच्या चौकटीत लावलं होतं. डोळा तर दोन महिन्यांतच पार मिटला. तरी रोज जेवण झालं की ते चाचपडत चित्रापाशी जायचे, काचेवर दोनदा वाजवायचे, कान देऊन ऐकायचे, 'बरं' म्हणायचे आणि येऊन पडायचे. घरातली मुलंसुद्धा त्यांच्या जोडीने 'बरं' म्हणायला लागली होती.

"काल त्यांनी वाजवलं," ती म्हणाली, "मी स्वयंपाकघरात होते. 'बरं' ऐकू आलं नाही. 'आलो, आलो' म्हणाले. खुशीत म्हणाले हो. मी बाहेर येईपर्यंत..."

म्हणून मी वाजवते. तेव्हापासून माझी चित्रं नऊही पायऱ्या चढतात, धुकेबाई कुणी म्हणत नाही, दातांचे डॉक्टर माझी चित्रं घेईनासे झालेत. पण नववा चौकोन विचारल्याशिवाय लावायचा नाही, ही शिस्त मी पाळते. बहुतेक वेळा काहीच होत नाही. वर्षातून एखाद्या दुपारी तो आंबट वास येतो आणि कागदाच्या आतून, पुष्कळ लांबून, 'थांब' ऐकू येतं. मग मी 'बरं' म्हणते आणि ब्रश धुऊन ठेवते. दुसऱ्या दिवशी लावते. आजवर मला नेहमी 'थांब'च आलंय, 'ये' कधीच नाही.

चल, फार झालं बोलणं. तुझं चित्र घे पुढे. छान झालंय गं, आठही पायऱ्या नीट उतरल्यात. हा एवढा डाग कोरडा का ठेवलास? ठेवला नाहीस? बरं, असू दे... असू दे, त्याला हात लावू नकोस. कोपरा तेवढा राहिलाय. वाजव. हसू नकोस, वाजव दोनदा.

काय गं? अशी का बघतेस माझ्याकडे?

मला काही ऐकू आलं नाही... काय म्हणाली ती?